रिव्हर्स गिअरमध्ये उजनी पार

मंडळी, आज मी रिव्हर्स गिअरमध्ये उजनी धरणाचं पाणी ओलांडून शाळेत शिकवायला पोचले.

मला रोज पलीकडं नेणाऱ्या तात्यांच्या लाँचचं इंजिन जळालं, म्हणून आठ दिवस मला रस्त्यानं लांबचा वळसा पडत होता. काल फिटरनं भंगारातल्या जीपचं इंजिन गिअरबॉक्ससकट लाँचला बसवलं. आज सकाळी नारळ फुटला, तात्यांनी पहिला गिअर टाकला आणि लाँच उलटी काठाकडं यायला लागली. लाँचचा पाण्याखालचा पंखा उलटा फिरत होता.

तात्यांनी शांतपणे रिव्हर्स टाकला. लाँच हळूहळू पुढं निघाली.

"तात्या, फिटरला बोलवा की!"

"कशाला, बाई? पलीकडंच चाललोय न्हवं?"

घंटेच्या आधी पोचले. उद्याही त्याच लाँचनं जाईन.

तुमच्याकडंही असं उलटं बसलेलं काहीतरी असेलच, चालतंय म्हणून कुणी हात न लावलेलं. काय आहे ते?