भुई हालतीया

परवा आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खोदला आणि कुजक्या गाळाचा वास थेट स्वयंपाकघरात शिरला. मी खिडकी लावून घेतली, पण तोवर मन उजनी धरणाच्या काठावर पोचलं होतं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. ऊसतोडीच्या हंगामात तोडकऱ्यांची लेकरं सांभाळायचं काम मला मिळालं होतं. रविवारी मी त्यांना धरणाकाठी फिरायला न्यायचे. त्या रविवारी पाणी बरंच मागं हटलं होतं आणि काळा गाळ उन्हात चमकत होता. काठावरचे पंपही बंद होते. कसलाच आवाज नव्हता.

पाच वर्षांची रुक्मी एकाएकी थांबली. "बाई, तितं नगं. भुई हालतीया."

"भित्री कुठली!" म्हणत मी तिला पुढं सारलं. दोनच पावलांत ती कमरेपर्यंत आत गेली. ती ओरडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी आडवी पडून तिचे हात ओढत होते, पण गाळ सोडत नव्हता. शेवटी एका मासेमारानं फळी टाकून तिला बाहेर काढलं.

"काल हितंच म्हैस गेली की," तो म्हणाला.

मी रुक्मीचा फ्रॉक धुतला आणि सगळ्या लेकरांना बजावलं, घरी सांगायचं नाही.

सोमवारी सकाळी तिची आई कोयता घेऊन फडाकडं निघाली. "तुमच्यापाशी असली की घोर नसतो बगा, बाई."

रुक्मी खाली मान घालून गप्प राहिली. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आज त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटते.