धाकट्या मामंजींचं इंग्रजी

आमच्या धाकट्या मामंजींएवढं इंग्रजी अख्ख्या पुण्यात, खुद्द श्रीमंतांच्या दफ्तरातसुद्धा, कोणाला येत नव्हतं. आणि त्यांना शब्द येत होता एकच, ‘वेल’. माझ्या सासऱ्यांचे हे धाकटे भाऊ. रोज पहाटे शनिवार पेठेतून संगमावर स्नानाला जायचे. तिथे इंग्रजांचे बंगले. घोड्यावरून रपेट करणाऱ्या साहेबांच्या तोंडून त्यांनी तो उचलला. साहेबाची सावली पडली तर पुन्हा बुडी मारायचे, पण शब्दाला विटाळ नसतो म्हणायचे. आमटी खारट झाली की लांबलचक ‘वेऽऽल’, पंगतीत जिलबी आली की तोच शब्द टुणकन उडी मारून, भिक्षुक दक्षिणेवरून अडला की खालच्या आवाजात, दार लावून घेतल्यासारखा. एकदा मुलीकडच्यांशी दुपारभर एवढ्यावरच बोलणी करून लग्न ठरवून आले. सासूबाई म्हणायच्या, “भावोजी, उरलेलं इंग्रजी काशीला सोडून आलात वाटतं?” त्यावरही ‘वेल’. मी तेव्हा अशी दिव्य शहाणी, की इंग्रजीत शब्दच एवढा आहे आणि बाकी सगळा साहेबांचा खोकला, असं मला मनापासून वाटायचं.

माझा थोरला तान्हा असताना आमची कपिला दावं तोडून गेली ती थेट संगमावरच्या एका तरुण साहेबाच्या बागेत, आणि त्यानं विलायतेहून बी आणवून लावलेले कोबीचे गड्डे तिनं फस्त केले. साहेबानं तिला कोंडून घातलं. माझं दूध आटलेलं, पोर कपिलेच्या दुधावर. त्यातून साहेब लोक गाय खातात हे मी ऐकून होते. मी असा काही हंबरडा फोडला, की कपिलेनंही तसा कधी फोडला नसेल. धाकट्या मामंजींनी पगडी चढवली आणि निघाले. कपिला माझ्या हाकेशिवाय पाऊल उचलत नसे, म्हणून मागून मी.

साहेब लालबुंद. दुभाष्या गावाला गेलेला, तरी साहेब तावातावानं बोलत सुटलेला. मामंजी स्वस्थ उभे. तो थांबला की म्हणायचे, “वेल?” म्हणजे, हं, पुढे बोला. तो पुन्हा बोलायचा. मग मामंजी उखडलेल्या वाफ्याशी वाकले, एक उष्टा देठ उचलून हळहळले, “वेल, वेल...” साहेबाचा आवाज उतरला. थोड्या वेळानं पदराआडून बघते तो काय, साहेब पायरीवर बसलाय, कुठेतरी खूप लांब हात दाखवत सांगतोय, आणि डोळे भरलेले! मामंजी समोर मातीत मांडी घालून ऐकताहेत, कीर्तनाला बसल्यासारखे. मी थक्क. शेवटी साहेबानं स्वतः कपिलेला सोडून आणलं.

वाटेत मी विचारलं, “मामंजी, काय म्हणत होते हो साहेब?”

“कोणास ठाऊक! पण सूनबाई, बरेच दिवसांत त्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं.”

पुढे ते रोज आधी त्या पायरीवर घटकाभर बसत आणि मग स्नान करत. तेवढीच एक बुडी वाचते म्हणत.

मग खडकीला लढाई पेटली आणि आपल्या लोकांनी संगमावरचे बंगले जाळले. पेठेत साखर वाटत होते. मी पोराला कडेवर घेऊन मामंजींना शोधत गेले, तर ते नदीकाठी उभे, धुराकडे बघत.

“निसटले असतील का हो ते?” मी विचारलं.

पोराला त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि धूर लागू नये म्हणून त्याच्या तोंडावर आपलं उपरणं धरलं.