न पाहिलेला वळू

पांढरकवड्याच्या बाजारात मी बैलांचे सौदे करतो. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचं सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. मुलगी भाषाशास्त्र शिकायला पुण्याला गेली आणि पहिल्याच सुटीत म्हणाली, "बाबा, तुमच्या धंद्यात खोटं बोलल्याबिगर भागत नाही." ते वाक्य मी दोन वर्षं मनात धरून बसलो होतो.

यंदा उन्हाळ्यात ती आली तेव्हा तिच्या वहीत एक शब्द दिसला. 'युगोम', आणि त्याच्याआधी एक चांदणी. विचारलं तर म्हणाली, हजारो वर्षांपूर्वी बैलांच्या मानेवरच्या जूला असं म्हणत असावेत. लिहून कोणी ठेवलेलं नाही. चांदणी म्हणजे शब्द कोणी पाहिलेला नाही, जुळवून काढलेला आहे.

मी संधी सोडली नाही. "म्हणजे न पाहिलेला बैल विकून राह्यली तू. अन् खोटं आम्ही बोलतो?"

आवाज चढत गेला. शिक्षण बंद कर, असंही तोंडातून निघून गेलं. ती उठली, मोबाइलवर पुण्याचं तिकीट काढलं आणि बॅग भरायला लागली. बायको हळूच म्हणाली, पोरगी अशी गेली तर परत यायची नाही. ते मलाही कळत होतं. पण बोललेलं मागं घ्यायची मला सवय नाही.

तेवढ्यात कळंबकडचा एक शेतकरी गोऱ्हा दाखवायला अंगणात आला. मी त्याचं वशिंड, खूर, कान पाहिले आणि सांगून टाकलं की याचा बाप ठेंगणा, मागं वळल्या शिंगांचा आणि तापट असणार. शेतकऱ्यानं विचारलं, तुम्ही तो वळू पाहिला होता का? नव्हता पाहिला. पण त्या वळूची, याच्याच ठेवणीची आणखी तीन पोरं मी तीन गावांत पाहिली होती. सगळ्यांत सारखं दिसतं ते बापाचं, एकातच दिसतं ते आईकडचं.

मुलगी बॅग घेऊन दारात उभी होती. "बाबा, तो वळू आता कुठे आहे?"

"मेला असन. मले काय ठाऊक?"

"मग त्याच्यावरही चांदणी लावा."

शेतकऱ्याला काही कळलं नाही. मला कळलं.

तिनं बॅग खाली ठेवली आणि ओट्यावर बसून तिच्या चांदणीवाल्या शब्दाची पोरं मोजून दाखवली. संस्कृतात युग, लॅटिनमध्ये युगुम, ग्रीकमध्ये झुगोन, इंग्रजीत योक, हिंदीत जुआ, आपल्याकडे जू. मी सहजासहजी मानणारा नाही. जूमधला ज कुठून आला, म्हटलं. यात्रेची जत्रा झाली तसा, ती म्हणाली. एकदाच झालं असेल, म्हटलं. तिनं यव या धान्याचं जव झालेलं पुढे केलं. माल खरा होता.

खोटं बोलण्याचं ते वाक्य तिनं काही मागं घेतलं नाही आणि मी ते विसरलेलो नाही. पण दुपारी तिनं तिकीट रद्द केलं. येत्या बाजाराला सोबत येते म्हणाली, गुरं कशी पारखता ते लिहून घ्यायचंय.

तो गोऱ्हा मी घेतला. भावात फार ताणलंही नाही, याचं बायकोला अजून नवल वाटतं.