वाटीभर साखर

जर्मनीतल्या एर्लांगेन शहरातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या, नवरा साताऱ्याचा. मराठी त्या सासूबाईंकडून शिकल्या, त्यामुळे बसच्या ड्रायव्हरलाही 'अहो' म्हणतात. त्यांच्या देशाचा शेजारच्या देशांशी करार आहे: कुणी निवडणूक गुंडाळली, तर बाकीचे त्याला आपल्या बैठकीत बसू देत नाहीत. त्या याला शेजारधर्म म्हणतात. मी एकदा हसून म्हणालो, "शेजारधर्म म्हणजे वाटीभर साखर हो!"

"गेनाऊ, अगदी बरोबर, तीही," त्या म्हणाल्या.

परवा इमारतीच्या सभेत अध्यक्षांनी जाहीर केलं की यंदा मतदान नको, मीच पुढे काम बघतो. आम्ही सगळे कॉफीच्या कपात बघत बसलो. बाई उठल्या, स्वतः करून आणलेला केक टेबलावरून उचलला आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, "मतदान होईपर्यंत मी तुमच्याबरोबर बसणार नाही."

एकेक करत बाकीचेही उठले. माझा पार्किंगचा अर्ज अध्यक्षांकडेच अडकलेला, म्हणून मी बसून राहिलो.

बाई कोपराने दार धरून थांबल्या होत्या.

"अहो," त्या मला म्हणाल्या, "वाटीभर साखर यातच आहे. येताय ना?"