अर्ध्या स्पीडवर ठेवलेला कॉम्प्युटर

माझ्या भावाला स्टुलाने मारलं. त्याच्याच दुकानातल्या, लोकांना बसायला ठेवलेल्या स्टुलाने.

आज वर्ष झालं.

कुंभिवलीला हायवेलगत दादाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. मी मदतीला असायचे. त्या दिवशी पोरांच्या सरकारी हॉस्टेलच्या फॉर्मची शेवटची तारीख होती, मुदत पाचपर्यंत.
आणि सकाळीच लाइट गेली.

बाहेर पंचवीस माणसं. आत एक कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टरची म्हातारी बॅटरी.

दादाने सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा स्पीड निम्म्यावर आणला.

"पळवला तर दुपारीच मान टाकंल. असाच चालू दे गं, पाचपर्यंत समद्यांचं व्हईल."

होतही होतं. रखडत, पण होत होतं.
दुपारी हिराबायचा नंबर आला. वाडीवरून पहाटेच उतरलेली, मुलीचे कागद पोटाशी धरून बसली होती.

तेवढ्यात रांगेतला एक जण आत घुसला. गावातलाच. नाव लिहीत नाही, केस चालू आहे.

"मुद्दाम स्लो केलंस ना रं मशीन?"

'सर्व्हर डाऊन हाय' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या एका वाक्यावर आपल्याकडे माणसं दिवसभर गप बसतात.

पण खोटं बोलेल तो दादा कसला.

"हा, मीच केलंय. बॅटरी पुरावी म्हणून."

'मीच केलंय' एवढंच सगळ्यांनी ऐकलं.

आधी कीबोर्ड, तोंडावर. ओठ फाटला. मग आणखी चार-पाच जण आत आले. मॉनिटर फुटला. सीपीयूची वायर निघू नये म्हणून हा बावळट टेबलाखाली वाकला, आणि डोक्यात स्टूल बसलं.
दोनदा.

मी एकाच्या मनगटाला चावले. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. अजून बाजारात दिसले की तो हात खिशात घालतो.
घालू दे. मला काही वाईट वाटत नाही.

खोपोलीला नेताना टेंपोत दादाने एकच विचारलं.

"हिराबायचा फॉर्म गेला का गं?"

"गेला रे."

खोटं बोलले.

संध्याकाळी पंचनाम्याला पोलिसांबरोबर दुकानात गेले. दादा तोवर संपला होता. टेबलाखाली सीपीयूचा पंखा अजून फिरत होता. इन्व्हर्टर बॅटरी शिल्लक दाखवत होता.
पाच कधीच वाजून गेले होते.

ज्यांनी मारलं, त्यांच्याही पोरांचे फॉर्म राहिले.

त्यातल्या दोघांनी आज सकाळी स्टेटसला दादाचा फोटो टाकलाय. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. म्हणून मी ते शब्द लिहिणार नाही.

दादा, बॅटरी पुरली रे.

हिराबायच्या पोरीचा फॉर्म यंदा मी पहिल्याच दिवशी भरला.
गेला. आता खरंच गेला.