खांदेरीवरून दिसणारं घर

मी मूळची घाटावरची. विहिरीत वाकून पाहायचं म्हटलं तरी माझे पाय कापायचे. तेव्हा मला नर्सची नोकरी लागून नेमणूक थेट समुद्रकाठी झाली, हे ऐकून माहेरी सगळे आधी पोट धरून हसले आणि मग आई रडली. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, आपला जिल्हा अजून कुलाबाच होता, आणि थळच्या दवाखान्यात बाई म्हणून मी एकटीच होते. बाळंतपणं, खरूज, देवी टोचणं, सगळं माझ्याकडे. नवरा मुंबईला नोकरीला, सुट्टीला येणार. मी कोळीवाड्याच्या टोकाला एका नाखवाच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. घराच्या दारात एक वाकडा माड होता, इतका वाकडा की नवखा माणूस त्याच्याखालून जाताना मान तिरकी करायचा.

नाखवा, त्याची बायको, त्यांचं अंगावरचं पोर आणि नाखवाची म्हातारी आई, एवढं ते घर. म्हातारीला सगळी वाडी आय म्हणायची, मी आजी म्हणायचे. माझी मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. मी दवाखान्यात गेले की ती आजीच्या मांडीवर असायची. आमचं दोघींचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. आजी मुलीला काजळ भरायची आणि गालाला तीट लावायची. काजळाने डोळे बिघडतात, असं मी वाडीतल्या बायकांना घरोघर सांगत फिरायचे आणि माझ्याच मुलीचे डोळे काळेभोर. शेवटी मी एक दिवस चिडून डबीच फेकून दिली. आजी रागावली नाही. "बरं बाय, तुज्यासमोर न्हाय लावनार," एवढंच म्हणाली.

समोरच्या खांदेरी बेटावरच्या बत्तीवर, म्हणजे दीपगृहावर, जाण्याचा हुकूम आला तो दिवाळी होऊन गेल्यावर. बेटावर बत्तीवाल्यांची दोन-तीन बिऱ्हाडं होती, त्यांच्या मुलांना देवी टोचायच्या होत्या, आणि एका बत्तीवाल्याची बायको गरोदर होती, तिला तपासायचं होतं. लस आली होती आणि ती उन्हात टिकत नाही, त्यामुळे पुढे ढकलण्याची सोय नव्हती. नेमकं त्याच दिवशी मुलीच्या अंगात कणकण होती. दात येताना असते तशीच, हे मला कळत होतं. नर्स म्हणून कळत होतं, आई म्हणून नव्हतं.

"नको जाऊ का आजी?" मी विचारलं.

"जा गो. मी हाय ना. सांजच्याला येशील तं पोर हसत असल."

नाखवा मला पोचवून मासेमारीला जाणार होता आणि दिवस कलताना न्यायला येणार होता. होडीत मी डोळे मिटून बसले. नाखवा हसत होता, ते मला डोळे मिटूनही कळत होतं. "बाय, आज दर्या दुधावानी हाय," तो म्हणाला. दूध असो की ताक, बुडायला दोन्ही सारखंच, असं मी मनात म्हटलं.

पण खांदेरीवर पाय ठेवला आणि मला वेगळंच काही झालं. इतकी झाडं आणि इतका वारा, आणि माणसाचा आवाज नाही. काम लवकर उरकलं. मुलं रडली, मग गूळ मिळाल्यावर गप्प झाली. बत्तीवाल्याच्या बायकोचं पोट तपासलं, बाळ नीट होतं. ती रत्नागिरीकडची, बोलायला कुणी नाही म्हणून आसुसलेली. तिने मला शहाळं दिलं, सगळं बेट फिरवलं. वेताळाच्या देवळात नेलं. जुन्या किल्ल्याच्या तटाजवळ एक मोठा दगड आहे, तो दुसऱ्या दगडाने ठोकला की भांड्यासारखा वाजतो. मी तो पुन्हा पुन्हा वाजवला. मग खडकातल्या एका डबक्यात, गुडघ्याएवढ्या स्वच्छ पाण्यात मी पाय सोडून बसले. समुद्राला भिणारी मी, त्याच समुद्राचं पाणी पायांवर घेत होते. लग्न झाल्यापासून एवढा मोकळा वेळ मला मिळाला नव्हता. मला फार आनंद झाला होता, आणि तो आनंद मुलीची आठवण न येता झाला होता.

आठवण आली ती अंगाला. छाती दुधाने दाटून आली, दुखायला लागली. म्हणजे तिची पिण्याची वेळ होऊन गेली होती. मी उठून उभी राहिले आणि समुद्राकडे पाहिलं.

सकाळपासून समोर थळच्या होड्यांची शिडं दिसत होती. त्यातलं एक शीड वळलं. मग दुसरं. बघता बघता सगळ्या होड्या किनाऱ्याकडे निघाल्या. ना वारा वाढला होता, ना आभाळ आलं होतं.

"ह्या होड्या आत्ताच कशा परत चालल्या?" मी विचारलं.

बत्तीवाल्याच्या बायकोने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "वाडीत कुणीतरी गेलं असणार," ती म्हणाली. "कोळ्यांत मयत झालं की दर्यावरच्या माणसांना निरोप जातो. मग सगळे जाळी ओढून घरी येतात. आज आता एकही होडी सुटायची नाही."

रीत मलाही माहीत होती. वाडीतच राहत होते मी. पण तेव्हा मी नेहमी किनाऱ्यावर असायचे, घरात कोण गेलं ते आधी कळायचं आणि होड्या नंतर यायच्या. इथे होड्या आधी दिसल्या. कोण गेलं ते सांगायला कुणी नव्हतं.

मी धावत बत्तीवर गेले. बत्तीवाला मोठा शांत माणूस होता. मी काही बोलायच्या आत त्याने दुर्बीण काढून दिली. मला ती स्थिर धरता येईना, दुर्बिणीत नुसतं पाणी नाचत होतं. मग त्याने ती कठड्यावर टेकवून धरली. किनारा दिसला, सुकत घातलेल्या बोंबिलांच्या वलांड्या दिसल्या, ओढून घेतलेल्या होड्या दिसल्या. मी वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेले. माणसं एकाच दिशेने चालली होती. शेवटी गर्दी दिसली, आणि गर्दीवर तिरका झालेला माड.

गर्दी आमच्याच दारात होती.

त्यानंतर मी काय काय केलं ते मला सलग आठवत नाही. होडी मागितली. बेटावर होडी नव्हती, आठवड्याचं सामान घेऊन येणारी होडी तेवढी यायची. पोहून जाते असंही म्हणाले म्हणे. मला पोहता येत नव्हतं. सकाळच्या तापाचा मी शंभरदा विचार केला. घसा पाहिला होता का? पाहिला होता. अंगावर पुरळ? नव्हतं. मग वाटलं, मी तो दगड का वाजवला? देवाच्या जागेत पोरखेळ का केला? दवाखान्यात बायकांच्या अंधश्रद्धेवर भाषण देणारी मी वेताळाच्या दिशेने हात जोडून उभी राहिले. भीतीपुढे शिकणंसवरणं काही राहत नाही.

एक गोष्ट कळण्याचा मात्र मार्ग होता. मोठं माणूस गेलं तर तिरडी बांधतात. तान्ह्या मुलाला तिरडी नसते. बाप किंवा मामा त्याला कापडात गुंडाळून हातावर नेतो. दवाखान्यात मी असे बाप दारातून जाताना पाहिले होते. हात अवघडलेले असतात, आणि मागे चार-दोनच माणसं असतात. आता मला तेवढंच पाहायचं होतं: आमच्या दारातून तिरडी निघते, की कुणी हातावर काही घेऊन निघतं.

बत्तीवाला म्हणाला, "ताई, तुम्ही खाली बसा, मी पाहतो." मी दुर्बीण सोडली नाही. डोळ्याला पाणी यायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. दूध आपोआप वाहून चोळी भिजली होती. बत्तीवाल्याच्या बायकोने माझ्या खांद्यावर पदर टाकला आणि ती माझ्या मागे उभी राहिली. नाखवाचे हात मी दुर्बिणीत शोधत होते, कारण नवरा मुंबईला, मामा घाटावर. नेणार तर तोच नेणार होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा गर्दी दुभंगली. आधी मडकं धरलेला माणूस निघाला. आणि त्याच्या मागे, चार खांद्यांवर, तिरडी.

मी हसले. मला आठवतंय, मी मोठ्याने हसले. "तिरडी आहे," मी म्हणाले. "तिरडी आहे हो." बत्तीवाल्याच्या बायकोने मला घट्ट धरलं, भात-कालवण पुढे आणलं, आणि मी सकाळपासून उपाशी असल्यासारखी जेवले.

मी जेवत असतानाच तिने हळूच विचारलं, "त्या घरात मोठं माणूस कोण कोण?"

घास हातात राहिला. नाखवा, त्याची बायको, आजी. मडकं कोणी धरलं होतं ते मी पाहिलंच नव्हतं, मला फक्त तिरडी पाहायची होती. आता किनाऱ्यावर धूर दिसत होता. त्या तिघांपैकी कुणीही असलं तरी माझ्या मुलीला सकाळपासून कुणी सांभाळलं? तिचा ताप कुणी पाहिला? ज्या घरातलं माणूस जातं, तिथे भाडेकरणीचं पोर कुणाच्या लक्षात राहतं? भीती गेली नव्हती, तिने नुसती कूस बदलली होती. मी पुन्हा कठड्याशी जाऊन उभी राहिले. समुद्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिकामा होता.

आणि मग एक शीड सुटलं.

"शक्य नाही," बत्तीवाला म्हणाला. "आज नाही कुणी येणार."

पण ते आमच्याकडेच येत होतं. मी धक्क्यावर जाऊन थांबले. होडीत एकटा नाखवा होता. स्मशानातून आल्यावर केलेल्या अंघोळीचं ओलं धोतर तसंच अंगावर होतं. होडी धक्क्याला लागायच्या आधीच, लांबून, तोंडाशी हात धरून तो ओरडला, "बाय, पोर बरी हाय. पोर बरी हाय."

मी होडीत बसले. या वेळी डोळे मिटले नाहीत. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला विचारावं लागलं नाही.

"आय गेली," तोच म्हणाला. शिडाची दोरी आवळून पुढे बोलला. "खांबाला टेकून बसलेली. पोर मांडीवर निजलेली. बायकोला वाटला, दोगी पन झोपल्यान. पोर उठून रडाया लागली, तवा आय उठली न्हाय."

"नाखवा, आज तुम्ही होडी काढायची नव्हती," मी म्हणाले. "वाडी बोलेल."

"बोलली. सगली बोलली." त्याने सुकाणू वळवलं. "बत्तीवर दुरबीन हाय, मना म्हाईत हाय. तुमी कवापासून बगत असाल."

मी तिथे हसले होते, जेवले होते, हे त्याला सांगावंसं वाटलं, पण तोंड उघडलं नाही.

घरात चूल पेटलेली नव्हती. आजी बसायची त्या खांबाशी दिवा ठेवला होता. नाखवाची बायको भिंतीशी बसली होती, रडून चेहरा सुजलेला, आणि तिच्या पदराखाली माझी मुलगी होती. सासूला अंघोळ घालायला बायका उभ्या असताना मुलीने भुकेने आकांत केला, तेव्हा तिने तिला छातीशी घेतलं होतं. स्वतःचं पोर दुसऱ्या मांडीवर झोपवून तिने दिवसभर माझ्या मुलीला पाजलं होतं. अंगातली कणकण उतरली होती.

मी मुलीला खोलीत आणलं, कंदिलाजवळ धरलं आणि सवयीने डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. डोळे स्वच्छ होते. गाल स्वच्छ होते. आजीने शब्द पाळला होता. मग मी तिचे पाय उचलले. डाव्या तळव्यावर, मला सहज दिसणार नाही अशा जागी, काजळाची तीट होती, आणि तिच्यात आजीच्या बोटाच्या रेघा उमटलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला अंघोळ घातली तेव्हा तो पाय पाण्याबाहेर धरून ठेवला.