जामीनदार हयात असल्याबद्दल

लोकांना वाटतं, कोर्टातले किस्से पक्षकारांचे. पण आम्हा कारकुनांचे किस्से साठतात ते बाँडच्या फायलीत. नाझर, म्हणजे कोर्टाचा पैसा सांभाळणारा कारकून, व्हायचं तर दोन जामीनदार लागतात. ते हयात आहेत, ऐपतदार आहेत, हे दरवर्षी लिहून द्यावं लागतं. आमची लाज तिथंच बाहेर पडते.

बिराजदार आमचे जुने नाझर. त्यांचा एक जामीनदार वारला. नवा शोधायचा म्हणजे चार दारं फिरणं आलं, म्हणून ते तीन वर्षं 'हयात' असंच लिहीत राहिले. एक दिवस त्याच जामीनदाराचा मुलगा वारस दाखल्याचा अर्ज घेऊन खिडकीशी आला. बिराजदार गडबडले आणि सवयीनं विचारून बसले, कधी वारले?

"काका, तुम्ही मातीला आला होता की."

त्याच दुपारी ते स्वतःहून साहेबांपुढं जाऊन उभे राहिले.

आमच्यातल्याच उदगीरच्या सुनीलच्या बाँडवर जामीनदार म्हणून होणाऱ्या सासऱ्यांची, मामांची, सही होती. पुढं देण्याघेण्यावरून सुनीलच्याच घरच्यांनी सोयरीक मोडली. बाँड तसाच. वर्ष भरल्यावर त्यानं आमच्यासमोर, गंमत म्हणून, स्पीकरवर फोन लावला आणि मामांना तब्येत विचारली.

"हाव, जिवंत हाय," मामा शांतपणे म्हणाले. "लिव कागदावर."

सुनीलनं स्पीकर बंद केला.

माझं सांगायचं मी टाळत आलोय. मला नाझरकी मिळाली तेव्हा मित्र, मेहुणे, सगळ्यांनी काढता पाय घेतला. शेवटी लातूरला ताईकडं गेलो. शिवणकाम करून बांधलेलं दोन खोल्यांचं घर तिच्या नावावर आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी मी तिला रजिस्ट्री ऑफिसात नेलं होतं. वारस म्हणून नाव लावायचंय असं सांगून, वडिलांच्या मुखेडकडच्या जमिनीतला हक्क सोडल्याच्या कागदावर तिची सही घेतली होती. पुढं सातबारा काढल्यावर तिला ते कळलं. एका शब्दानं बोलली नाही.

जामीन राहशील का, असं मी विचारलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती घराचे कागद घेऊन एसटीनं आली. साहेबांनी बाँड तिच्यापुढं ठेवला. म्हणाले, भावानं काही घोळ केला तर तुमच्या घरावर येईल, नीट वाचा आणि मगच सही करा.

ताईनं चष्मा काढून पिशवीत ठेवला.

"भावाच्या कागदावर मी वाचून सही करत न्हाई, साहेब. कुठं करायची तेवढं दाखवा."